सायलेंट शटरवर दशावतारात पट्टे, रेल्वेचे डबे तिरपे: शटर स्पीड वाढवूनही का जात नाही?

कर्लीकाठ (कुडाळ)

नमस्कार मंडळी,

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम मिररलेस आहे, सेन्सर स्टॅक्ड (पाठीला मेमरी जोडलेला, झटपट वाचला जाणारा) नाही. मेनूत मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट खऱ्या पडद्याने) आणि पूर्ण इलेक्ट्रॉनिक असे तिन्ही पर्याय आहेत. जत्रांच्या हंगामात देवळासमोर दशावतार चालू असताना संवादांच्या मध्ये शटरचा खटखटाट नको, म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावतो.

अडचणी दोन. एलईडी फोकसच्या उजेडात १/२०० ला काढलेल्या फोटोंवर आडवे काळे-उजळ पट्टे येतात. फ्रेममध्ये वरपासून खालपर्यंत पाचेक. जिथे जुने हॅलोजन लावलेले असतात तिथे त्याच सेटिंगला पट्टे नाहीत. दुसरी अडचण रेल्वेची. स्टेशनात न थांबता जाणारी गाडी बाजूने काढली की डबे समांतरभुज चौकोनासारखे कलतात. १/४००० चं १/८००० केलं तरी तिरपेपणा तसूभरही कमी होत नाही.

स्पीड दुप्पट केला तर कल निम्मा व्हायला हवा ना? शिवाय आवाज न करता पट्टे घालवता येतात का, आणि खाडीतल्या पक्ष्यांसाठी होडीवरून कोणतं शटर ठेवावं? 'इलेक्ट्रॉनिक कायमचं बंद ठेवा' हे उत्तरही चालेल, फक्त कारणासकट सांगा.

---

ओहोटी (रत्नागिरी)

शटर स्पीड आणि सेन्सर वाचण्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही पहिली बदलत आहात आणि तिरपेपणा दुसरीमुळे येतो.

तुमच्या सेन्सरवर साधारण ६००० स्तंभ आणि ४००० ओळी आहेत. प्रत्येक पिक्सेलमध्ये एक फोटोडायोड असतो, उजेड पडला की त्यात विद्युतभार साठतो. एक्स्पोजर सुरू करायचं म्हणजे त्या ओळीतले सगळे फोटोडायोड रिकामे करायचे. संपवायचं म्हणजे साठलेला भार बाहेर काढून मोजायचा आणि त्याचा आकडा करायचा. हे आकडे करणारे कन्व्हर्टर स्तंभांच्या टोकाला बसवलेले असतात, त्यामुळे चार हजार ओळी एकाच क्षणी मोजता येत नाहीत. एकामागून एक मोजाव्या लागतात. (प्रत्यक्षात काही सेन्सर एका वेळी दोन-चार ओळी उचलतात, पण तत्त्व तेच.) स्टॅक्ड नसलेल्या अशा सेन्सरला संपूर्ण फ्रेम वाचायला ५० मिलिसेकंद लागतात असं धरू. म्हणजे दर ओळीला १२.५ मायक्रोसेकंद.

इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये रिकामं करण्याची लाट पुढे जाते आणि वाचण्याची लाट तिच्या मागून. दोघींमधलं अंतर म्हणजे तुमचा शटर स्पीड. १/४००० ला ते २५० मायक्रोसेकंद, म्हणजे एका वेळी जेमतेम २० ओळी उजेड घेत असतात. १/८००० ला १० ओळी. पण या दोन लाटा फ्रेमभर पळतात तो वेग तोच राहतो, कारण तो वाचणाऱ्या यंत्रणेने ठरवलेला आहे. फोटो पूर्ण व्हायला १/४००० ला ५०.२५ मिलिसेकंद लागतात, १/८००० ला ५०.१२. तुम्हाला फरक दिसला नाही, कारण तो एवढाच आहे. प्रत्येक ओळ आपल्यापुरती कमालीची गोठलेली असते, म्हणून डब्यावरची अक्षरं स्वच्छ वाचता येतात आणि डबा मात्र कललेला असतो. झेरॉक्स मशीनवर आतली पट्टी सरकत असताना कागद हलवला तर अक्षरं पुसट होत नाहीत, तिरकी होतात. अगदी तोच प्रकार.

आता हिशोब. ताशी १०० किमीने जाणारी गाडी सेकंदाला २७.८ मीटर जाते. डब्याची उंची ४ मीटर धरा आणि फ्रेमच्या उंचीचा चौथा भाग डब्याने व्यापलेला आहे असं धरा. डब्याचं छत आणि तळ यांच्या वाचनात ५० चा चौथा हिस्सा, १२.५ मिलिसेकंद जातात. तेवढ्यात गाडी ३५ सेंमी पुढे गेलेली असते. ४ मीटर उंचीत ३५ सेंमी म्हणजे सुमारे ५ अंशांचा कल, जो कुणाच्याही डोळ्यांना खटकेल. तीच गाडी लांबून काढली, समजा पानवलच्या ६४ मीटर उंच पुलावरून जाताना संपूर्ण पूल फ्रेममध्ये घेऊन, तर डबा फ्रेमच्या उंचीचा पन्नासावा भागही नसतो आणि कल अर्ध्या अंशाच्या आत राहतो. तिथे खुशाल इलेक्ट्रॉनिक वापरा.

मेकॅनिकल शटरही एका अर्थी ओळीओळीनेच उघडतं. वेगाच्या एक्स्पोजरला दोन पडद्यांमधली फट सेन्सरवरून सरकते. पण पडदे २४ मिमीचं अंतर साधारण ३ ते ४ मिलिसेकंदांत कापतात, म्हणून वरच्याच गाडीचा कल अर्ध्या अंशाच्याही खाली येतो. पडदा बंद झाल्यावर सेन्सर त्याच संथ ५० मिलिसेकंदांत वाचला जातो, पण तेव्हा आत अंधार असतो. बाहेर गाडी कुठेही गेली तरी फोटो बदलत नाही. मेकॅनिकल शटर सेन्सरला निवांत वाचण्यासाठी अंधार देतं, आणि तुमच्यासारख्या कॅमेऱ्यात त्याची खरी किंमत तीच आहे.

स्वतःच्या कॅमेऱ्याचा रीडआउट (संपूर्ण फ्रेम वाचायला लागणारा वेळ) मोजणं अवघड नाही. तांब्याचा चोक असलेली जुनी ट्यूब (इलेक्ट्रॉनिक चोकची चालत नाही) किंवा ठळक लुकलुकणारा स्वस्त एलईडी बल्ब घ्या. त्याच्या उजेडात पांढरा कागद धरा, फोकस मुद्दाम बिघडवून कागदाने फ्रेम भरा. कॅमेरा आडवा, इलेक्ट्रॉनिक शटर, १/२०००, लेन्स पूर्ण उघडी, आयएसओ ३२०० किंवा लागेल तेवढा. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो. एका उजळ पट्ट्याच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत १० मिलिसेकंद. फ्रेमच्या उंचीत असे जितके पट्टे मावतात, त्याला दहाने गुणा. साडेपाच पट्टे असतील तर ५५ मिलिसेकंद. तुमच्या दशावताराच्या फोटोंतच हे मोजमाप झालेलं आहे, पाच पट्टे म्हणजे पन्नासच्या आसपास.

तुलनेसाठी अंदाजे आकडे: सोनी ए७आर ४ ला १०० मिलिसेकंदांच्या आसपास, कॅनन आर५ ला १६, सोनी ए९ ला ६, निकॉन झेड ९ ला ४ च्या आत. शेवटचे दोन स्टॅक्ड आहेत, म्हणजे सेन्सरच्या पाठीला मेमरी जोडलेली असते आणि ओळी वाचून लगेच तिच्यात टाकता येतात. झेड ९ मध्ये २०२१ साली निकॉनने मेकॅनिकल शटर काढूनच टाकलं ते याच जोरावर. ४ मिलिसेकंद म्हणजे पडद्याचाच वेग झाला.

---

पारावरचा उजेड (सावंतवाडी)

रेल्वेचं वरती आलंच आहे. मी दिव्यांचं सांगतो, दशावतारात खरी डोकेदुखी तीच आहे.

हॅलोजनची तार तापून उजेड देते आणि अर्ध्या सायकलमध्ये ती फारशी थंड होत नाही. उजेड थोडा वर-खाली होतो, पण पट्टा दिसण्याइतका नाही. एलईडी लगेच विझतो आणि लगेच पेटतो. मांडवात लावतात त्या स्वस्त ५० वॉटच्या फोकसमध्ये बहुधा डीओबी (एलईडीच्याच पाटीवर बसवलेला) प्रकारचा ड्रायव्हर असतो, त्यात वीज गुळगुळीत करणारा मोठा कपॅसिटर नसतो. म्हणून दर १० मिलिसेकंदांनी उजेड जवळजवळ शून्यावर येतो.

उपाय सोपा आहे. प्रत्येक ओळीने पूर्ण सायकलींचा उजेड घेतला पाहिजे, मग ती ओळ केव्हाही सुरू झाली तरी हिशोब सारखाच लागतो. म्हणून १/१००, १/५०, १/३३, १/२५. यांच्या मधले आकडे नकोत. पूर्ण लुकलुकणारा दिवा धरला तर १/२०० ला काळ्या आणि उजळ पट्ट्यात दोन स्टॉपहून जास्त फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). १/१२५ ला सुमारे पाऊण स्टॉप, १/८० ला अर्धा. १/१०० ला शून्य. १/१२५ आणि १/१०० हे डायलवर शेजारी आहेत, पण निकालात एवढं अंतर आहे.

राजपार्टाचं (राजाची भूमिका करणाऱ्याचं) तलवारयुद्ध १/१०० ला हलणारच. तिथे पर्याय दोन. एक म्हणजे युद्धाच्या वेळी मेकॅनिकलवर जा. मृदंग, झांज आणि पायपेटी जोरात असतात, शटर कुणाला ऐकूही येत नाही. संवाद आणि गायनाला परत सायलेंट. दुसरा पर्याय, गिरकीच्या टोकाला अंग क्षणभर थांबतं तेव्हा दाबा. १/१०० ला तेवढं पुरतं.

मेकॅनिकलने लुकलुक नाहीशी होत नाही हे मात्र ध्यानात ठेवा. १/२०० ला पडद्याचा प्रवास ४ मिलिसेकंदांचा, म्हणून फ्रेममध्ये पाच पट्टे दिसत नाहीत. पण सलग दहा फोटोंतले काही उजळ, काही काळवंडलेले, काहींचा वरचा अर्धा भाग पिवळट असे येतात. त्यासाठी कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असतं. ते १०० हर्ट्‌झची लय ओळखून दिवा सर्वांत उजळ असताना शटर सोडतं. अनेक कॅमेऱ्यांत ते फक्त मेकॅनिकल किंवा फर्स्ट कर्टनवर चालतं, पूर्ण इलेक्ट्रॉनिकवर मेनूतला पर्याय करडा होतो. चालू केल्यावर बर्स्टचा (सलग फोटो काढण्याचा) वेग थोडा घटतो, ते चालायचंच.

आणि रंगीत एलईडी 'पार' (रंगमंचावरचे रंग बदलणारे दिवे). तिथे १०० हर्ट्‌झचा नियम लागू होत नाही. मंद करताना त्यांचे एलईडी सेकंदाला काही शे ते काही हजार वेळा बंद-चालू केले जातात. बारीक बारीक पट्टे दिसले तर ते यामुळे. ५०० हर्ट्‌झचा पार आणि ५० मिलिसेकंदांचा रीडआउट म्हणजे फ्रेममध्ये २५ पट्टे. लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळे मंद केलेले असतात, म्हणून पट्टेही रंगीत येतात. राक्षसाच्या काळ्या कपड्यावर ते चटकन दिसत नाहीत, पण पांढऱ्या धोतरावर आणि चेहऱ्याच्या रंगावर लगेच उठून दिसतात. यावर सगळ्यांत चांगला इलाज कॅमेऱ्यात नाही, लाइटवाल्याकडे आहे. नाटक सुरू होण्याआधी त्याला भेटून पांढरा पूर्ण शंभर टक्क्यांवर ठेवायला सांगा. पूर्णावर एलईडी बंद-चालू होतच नाही. उजेड जास्त वाटला तर दिवा मागे सरकवायचा, डिमर खाली आणायचा नाही.

आधी तपासायचं असेल तर मोबाईलच्या प्रो मोडमध्ये १/२००० ठेवून दिव्याने उजळलेल्या पडद्याकडे बघा. रुंद पट्टे सरकताना दिसले तर विजेची लुकलुक, बारीक जाळी दिसली तर डिमरची.

---

सड्यावरून (देवगड)

१/१०० पेक्षा १/५० ठेवलेलं बरं. जत्रेत जनरेटर असतो, त्याची फ्रिक्वेन्सी बरोबर ५० नसते. दोन सायकली घेतल्या की चूक निम्मी होते.

---

पारावरचा उजेड (सावंतवाडी)

@सड्यावरून, जनरेटरचा मुद्दा एकदम रास्त आहे आणि मी तो लिहायला हवा होता. पण १/५० ने चूक निम्मी होत नाही. डिझेल जनरेटर कमी भारावर ५२ हर्ट्‌झपर्यंत पळतो, भार वाढला की ५० कडे येतो. ५२ ला दिवा १०४ वेळा उजळतो. १/१०० मध्ये १.०४ सायकली मावतात, ०.०४ उरते. १/५० मध्ये २.०८ मावतात, उरते ०.०८. एक्स्पोजर दुप्पट झालं तसा उरलेला तुकडाही दुप्पट झाला, प्रमाण तेच राहिलं. दोन्हींत पट्टा साधारण अधिक-उणे ४ टक्क्यांचा, म्हणजे स्टॉपचा नववा-दहावा हिस्सा. वेशभूषेवर तो दिसत नाही. मागे साधा एकरंगी पडदा असेल आणि एडिटिंगमध्ये सावल्या उचलल्या तर दिसू शकतो. १/५० चा फायदा आयएसओ निम्मा होतो एवढाच, आणि हालचाल दुप्पट पुसते.

जनरेटरवर फारच त्रास होत असेल तर बारीक पायऱ्यांनी शटर स्पीड बदलता येणारा कॅमेरा लागतो. सोनी ए१, निकॉन झेड ८ आणि झेड ९, कॅनन आर३ आणि आर६ मार्क २ यांत ती सोय आहे. १/१०० च्या जागी १/१०४ असा आकडा लावून व्ह्यूफाइंडरमध्ये पट्टे विरेपर्यंत फिरवायचं. डिमरच्या बारीक पट्ट्यांवरही हाच उपाय.

---

कवड्या (दापोली)

पक्ष्यांचं आणि होडीचं लिहितो.

सरसकट नियम करू नका, पक्षी काय करतोय ते बघा. बसलेला खंड्या, वाळूवर टिपत चालणारे तुतवार, पंख पसरून तरंगणारी ब्राह्मणी घार किंवा समुद्र गरुड यांना ५० मिलिसेकंदांनी काही होत नाही. शांततेचा फायदा मोठा आहे, विशेषतः लपणातून काढताना. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी फडफडत थांबतो, तिथे मात्र एक पंख वाकलेला आणि दुसरा आखूड असा विचित्र आकार येतो. सूर मारताना तर चोचीपासून शेपटीपर्यंत सगळं ताणलं किंवा दाबलं जातं. कॅमेरा उभा धरला की सेन्सर बाजूने वाचला जातो, मग आडव्या हालचालीला तिरपेपणाऐवजी हेच ताणणं-दाबणं होतं. वाचण्याच्या दिशेने पळणारी वस्तू लांबते, उलट जाणारी आखूड होते. उभ्या फ्रेममध्ये डबा सरळ दिसला म्हणून तो बरोबर आहे असं नाही, त्याची लांबी चुकलेली असते.

पॅनिंगमध्ये आणखी एक गंमत होते. पक्षी तुमच्याबरोबर सरकत असतो म्हणून तो सरळ राहतो आणि मागचे माड कलतात. किनाऱ्यावर माड वाऱ्याने कललेलेच असतात, तिथे खपून जातं. मागे विजेचे खांब, मशिदीचा मिनार किंवा दीपस्तंभ असेल तर खपत नाही.

होडी स्वतः काढायची असेल तर काळजी नको. १० नॉटने जाणारा ट्रॉलर ५० मिलिसेकंदांत २६ सेंमी जातो, तेही त्याने फ्रेमची पूर्ण उंची भरली तर. पंधरा मीटरच्या बोटीत ते कुणाला कळणार नाही.

होडीत बसून काढताना मात्र इंजिनाकडे लक्ष द्या. १५०० आरपीएमला इंजिन सेकंदाला २५ फेरे घेतं, एका फेऱ्याला ४० मिलिसेकंद. तुमचा रीडआउट ५० चा, म्हणजे एका फ्रेममध्ये थरथरीची सव्वा लाट मावते. लेन्स होडीच्या काठावर टेकवली की समोरच्या डोलकाठ्या नागमोडी येतात. १/४००० लावूनही येतात, कारण प्रत्येक ओळ धारदार पण बाजूला सरकलेली असते. स्टॅबिलायझेशनवर यासाठी भरवसा ठेवू नका. कोपर अंगाशी घट्ट धरून हातातच कॅमेरा ठेवा, बुड लाकडी फळीऐवजी गुंडाळलेल्या जाळ्यावर टेकवा, शक्य तर तांडेलाला इंजिन बंद करून होडी वाहू द्यायला सांगा. जमत नसेल तर फर्स्ट कर्टन.

वेळास, आंजर्ले इथे ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडतात तिथे इलेक्ट्रॉनिक बिनधास्त वापरा, पिल्लं सावकाश चालतात. फक्त एक बघा: सायलेंट मोड लावला म्हणजे फोकसला मदत करणारा लाल-नारिंगी दिवा बंद होतोच असं नाही. तो वेगळ्या मेनूत असतो, तिथे जाऊन बंद करा. फ्लॅश तर नकोच नको.

तुमच्या कॅमेऱ्यात बटण पूर्ण दाबण्याआधीचे फोटो साठवण्याची सोय असेल तर ती इलेक्ट्रॉनिक शटरवरच चालते. खंड्याच्या सुरासाठी थोडा आकार बिघडला तरी ती वापरावी असं माझं मत. क्षणच हुकला तर सरळ पंखांचा उपयोग काय?

---

जांभा (मालवण)

फर्स्ट कर्टनचा विषय सगळ्यांनी नुसता स्पर्श करून सोडला, आणि तुमच्या कॅमेऱ्याला रोजच्या वापरासाठी मी तेच सुचवेन.

यात पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक, म्हणजे ओळी रिकामी करणारी लाट पडद्याच्या वेगाने सोडली जाते. ते जमतं, कारण रिकामं करायला मोजणी लागत नाही. बंद करायला खरा पडदा येतो. त्यामुळे डबे सरळ राहतात, एलईडीचे पाच पट्टे येत नाहीत आणि आवाज अर्ध्यावर येतो. शिवाय पूर्ण मेकॅनिकलमध्ये पहिला पडदा आपटल्याचा धक्का लांब लेन्सला १/६० ते १/२०० च्या दरम्यान जाणवतो, तोही टळतो.

त्याची मर्यादा मोठ्या छिद्राला आणि चढ्या स्पीडला दिसते. खरा पडदा सेन्सरच्या काही मिलिमीटर पुढे असतो, इलेक्ट्रॉनिक 'पडदा' थेट सेन्सरवर. एफ १.४ ला १/२००० च्या वर गेलात की या अंतरामुळे मागच्या दिव्यांचे गोल एका बाजूने कापले जातात, आणि फ्रेमच्या वरच्या-खालच्या भागात उजेडाचा फरक पडतो. भर उन्हात किनाऱ्यावर एफ १.४ ने पोर्ट्रेट काढताना पूर्ण मेकॅनिकल लावा. काही कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ कॅनन आर८ आणि आर५०, पूर्ण मेकॅनिकल नसतंच. विकत घेण्याआधी बघून घ्या.

फ्लॅश: तो चमकतो त्या क्षणी सगळ्या ओळी एकदम उघड्या लागतात. ५० मिलिसेकंदांच्या रीडआउटला ते १/२० हून संथ स्पीडलाच शक्य आहे, म्हणून अशा कॅमेऱ्यांत पूर्ण इलेक्ट्रॉनिकवर फ्लॅश बहुतेक वेळा बंदच केलेला असतो. सोनी ए१ ला स्टॅक्ड सेन्सरमुळे इलेक्ट्रॉनिकवर १/२०० पर्यंत फ्लॅश चालतो, मेकॅनिकलवर १/४००. निकॉनचे जुने डी७० आणि डी४० मात्र १/५०० ला फ्लॅश जुळवायचे. त्यांच्या सीसीडी सेन्सरला सगळे पिक्सेल एकदम बंद करता यायचे.

तीच गोष्ट आता फुलफ्रेम सीमॉसमध्ये सोनी ए९ ३ ने आणली, नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला तो. याला ग्लोबल शटर म्हणतात: प्रत्येक पिक्सेलमध्ये भार तात्पुरता ठेवायला झाकलेली जागा असते, सगळे एका क्षणी तिथे उतरवतात आणि मग सावकाश वाचतात. तिरपेपणा शून्य, फ्लॅश १/८०००० पर्यंत. ती जागा फोटोडायोडच्या वाट्यातून जाते, म्हणून किमान आयएसओ २५०. आणि दशावतारासाठी एक सांगतो: ग्लोबल शटरने पट्टे जातात, लुकलुक जात नाही. १/२०० ला एक फोटो उजळ आणि पुढचा काळा असं होणारच.

दोन गोष्टी मेनूतल्या. पूर्ण इलेक्ट्रॉनिकवर काही कॅमेरे रॉ फाइल १४ ऐवजी १२ बिटची करतात, वाचायचा वेळ वाचवायला. कॅनन आर५ तसंच करतो. सूर्यास्ताला पुढचा कातळ काळा ठेवून नंतर उचलायचा असेल तर त्या सावल्यांत दाणे जास्त दिसतात, तिथे मेकॅनिकल. आणि कॅमेरा बंद केल्यावर पडदा मिटून ठेवण्याचा पर्याय असेल तर वाळूच्या वाऱ्यात लेन्स बदलताना तो चालू ठेवा. फक्त पडद्याच्या पात्यांना बोट किंवा ब्लोअरचं टोक लागू देऊ नका, ती कागदासारखी पातळ असतात. समुद्राकाठची खारट चिकट ओल पात्यांवर बसू नये म्हणून बॅगेत सिलिका जेल, निळं असेपर्यंतच.

---

कर्लीकाठ (कुडाळ)

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्यूबवर मोजलं, पाच पूर्ण पट्टे आणि थोडा सहावा, म्हणजे ५२-५३ मिलिसेकंद. १/१०० ला कागद एकसारखा पांढरा आला, १/१२५ ला पट्टे परत.

शेवटचा एक प्रश्न: मे महिन्यात वळवाच्या विजा समुद्रावर चमकतात. ट्रायपॉडवर ८ सेकंदांचं एक्स्पोजर लावून काढताना इलेक्ट्रॉनिक शटर ठेवलं तर वीज अर्धवट येईल का?

---

ओहोटी (रत्नागिरी)

बहुधा नाही. ८ सेकंदांत सुरुवातीचे ५० मिलिसेकंद ओळी एकेक करून उघडत असतात आणि शेवटचे ५० एकेक करून वाचल्या जात असतात. मधले जवळपास ७.९५ सेकंद सगळ्या ओळी उघड्याच. वीज त्यात पडली तर पूर्ण येते. टोकांच्या त्या दोन तुकड्यांत पडली तरच आडवी रेघ मारल्यासारखा अर्धा आभाळ उजळ, अर्धा काळा येईल, आणि ती शक्यता सव्वा टक्क्याच्या आसपास.

दिवसा ट्रिगर लावून १/६० वगैरे ठेवणार असाल तर मात्र इलेक्ट्रॉनिक चालणार नाही. एका विजेत बऱ्याचदा एकाच वाटेने अनेक झटके येतात, दोन झटक्यांमध्ये काही दहा मिलिसेकंदांचं अंतर असतं. ५० मिलिसेकंदांच्या वाचनात एक झटका वरच्या ओळींना आणि दुसरा खालच्यांना मिळतो, आणि आभाळात वेगवेगळ्या उजेडाचे आडवे थर दिसतात. तेव्हा फर्स्ट कर्टन लावा.

एक तपासून घ्या: काही कॅमेऱ्यांत पूर्ण इलेक्ट्रॉनिकवर सर्वांत लांब एक्स्पोजरला मर्यादा असते, आणि बल्ब मोड (बटण दाबून ठेवू तेवढा वेळ एक्स्पोजर) तर अनेकांत बंदच असतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर दर ८ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ८ सेकंद काळी फ्रेम घेत बसतो आणि तेवढ्यात पुढची वीज निघून जाते. सेटिंग रात्रीच्या विजांसाठी एफ ८, आयएसओ १०० पासून सुरू करा. जवळच्या विजेला एफ ११, क्षितिजापलीकडच्या चमकेला एफ ५.६. गडगडाट विजेनंतर ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर ट्रायपॉड तिथेच सोडून पक्क्या इमारतीत जा. उघडा सडा आणि पुळण या दोन्ही जागा त्या वेळी सर्वांत धोक्याच्या.